सोडवणाऱ्याची अनुपस्थिती : खुल्या जगातील मारामारीची लातूर-नांदेडी मीमांसा

मारामारी या विषयावर मराठीत शास्त्रशुद्ध लेखन फारसं झालेलं नाही. युद्धांवर उदंड झालं आहे. बखरी युद्धांच्या, पोवाडे युद्धांचे, इतिहास-संशोधकांची आपसांतली भांडणंसुद्धा युद्धांच्या तारखांवरून. पण लातूरच्या गंजगोलाईत एका हातगाड्याला मोटारसायकलचा आरसा घासला आणि त्यातून पुढची वीस मिनिटं जे काही उद्भवलं, त्याची मीमांसा करायला एकही शास्त्री पुढे आला नाही. ही पोकळी शेवटी भलत्यांनीच भरून काढली. एडिंबरा, माँट्रियल, वॉर्सा आणि क्योटो इथल्या संगणक-खेळ बनवणाऱ्यांनी गेल्या पंचवीस वर्षांत मारामारीचा जेवढा बारकाईने विचार केला, तेवढा आपल्याकडे फक्त फौजदारी वकिलांनी केला असेल.

या खेळांना 'ओपन वर्ल्ड' म्हणतात. खेळणाऱ्याला एक अख्खं शहर नाहीतर मुलूख मोकळा दिलेला असतो. मुख्य काम नेमून दिलेलं असतं, पण ते बाजूला ठेवून तो वाटेल तिथे भटकू शकतो, वाटेल त्याच्याशी पंगा घेऊ शकतो. लातूरच्या ट्यूशन एरियात दोन वर्षं काढलेल्या मुलाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. मुख्य काम एकच, नीटची परीक्षा. बाकी सगळं जीवन उपकथानकांत चालतं.

या खेळांबद्दल मेसमध्ये, रूमवर आणि नांदेडच्या आयटीआय चौकातल्या टपरीवर जे वाद रंगतात ते दोनच: कॉम्बॅट कुणाचा भारी आणि कॅरेक्टर कुणाचं भारी. वाद घालणाऱ्यांपैकी पुष्कळांनी तो खेळ खेळलेला नसतो, यूट्यूबवर दुसऱ्याला खेळताना पाहिलेला असतो. शास्त्रीय चर्चेला ही अडचण नाही. पानिपतावर तावातावाने बोलणारे तरी कुठे पानिपतला गेले होते?

प्रस्तुत प्रबंधाची प्रतिज्ञा अशी की हे दोन्ही वाद दुय्यम आहेत. खुल्या जगाच्या खेळांत एक मूलभूत पात्र ठेवायचंच राहून गेलं आहे, आणि त्या पात्रावाचून मारामारी मुळात सुरूच होऊ शकत नाही. ते पात्र म्हणजे सोडवणारा. मात्र त्याच्याकडे थेट गेलं तर प्रबंध दोन पानांत संपेल आणि प्रबंधाला जाडी लागते. म्हणून आधी इतर बाबींचा परामर्श घेऊ.

थांबणाऱ्या शत्रूंविषयी

२००७ साली आलेल्या 'असॅसिन्स क्रीड'मध्ये आठदहा शिपाई तलवारी उपसून नायकाभोवती गोल उभे राहतात आणि एकेक जण पुढे येतो. पहिला आडवा झाला की दुसरा. तोवर बाकीचे जागच्या जागी पाय बदलत थांबतात. २०११ च्या 'बॅटमॅन: अर्कम सिटी'त त्याही पुढची सोय आहे: आता कोण मारणार हे आधी कळावं म्हणून त्या गुंडाच्या डोक्यावर खूण चमकते.

टपरीवरच्या पंडितांचा आक्षेप असा की आठ जण असतील तर आठही एकदम तुटून पडतील. आक्षेप वरवरचा आहे. थांबणं खरं आहे, खोटी आहे ती रांग. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. १९१७ साली ती दुमजली गोल इमारत उभी राहिली, तेव्हापासून या सोळा रस्त्यांनी येणाऱ्यांपैकी कुणी कुणाला 'आधी तुम्ही' म्हटल्याची वदंता नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या माणसांनी मारायला मात्र नंबर लावून उभं राहावं, हे स्वभावाशी विसंगत आहे.

डोक्यावरच्या खुणेचं मात्र समर्थन करता येतं. आपल्याकडेही माणूस हात उचलायच्या आधी खूण देतोच. आधी घड्याळ काढतो. चष्मा असेल तर तो काढतो. मोबाइल खिशातून काढून शेजारच्याच्या हातात ठेवतो, 'धर रे.' मग बाह्या सारतो. हा क्रम सहसा चुकत नाही. लातुरात 'काय बघलालास रे?' आणि नांदेडात 'काय पाहायलास बे?' या मंगलाचरणापासून पहिल्या फटक्यापर्यंत जो काळ जातो, तेवढ्यात चहा येऊन, पिऊन, ग्लास विसळून परत जाऊ शकतो. मोबाइल ज्याच्या हातात ठेवला तो कोण, हे वाचकाने लक्षात ठेवावं.

याच काळात वंशावळीची चौकशी होते. 'गाव कोणतं तुझं?' 'कुणाचा तू?' अहमदपूरच्या माणसाची लोह्याच्या माणसाशी जुंपली आणि तिसऱ्या प्रश्नाला निघालं की ह्याची चुलत मावशी त्याच्या आत्याच्या सासरी दिलेली आहे, तर मारामारी तिथल्या तिथे कोसळते. दोघंही 'पाव्हणं' होतात आणि ज्याने आधी शिवी दिली त्याच्यावर चहाचे पैसे येतात. 'स्कायरिम'च्या (२०११) एवढ्या अवाढव्य मुलखात हजार दरोडेखोर लोळवले तरी त्यांतला एकही मामाच्या गावचा निघत नाही. सोयरिकीच्या हिशेबाने हे अशक्य आहे. मात्र त्याच खेळात एक गोष्ट अचूक साधली आहे. रिव्हरवुड नावाच्या खेड्यात खेळणाऱ्याच्या हातून कोंबडी मेली तर अख्खं गाव त्याच्या अंगावर धावून येतं. हे ज्याला सुचलं तो अमेरिकेत जन्मला असेल, पण त्याने एखादा उन्हाळा कंधार-मुखेड भागात नक्की काढला असावा.

शस्त्रांच्या टिकाऊपणाविषयी

२०१७ साली निन्टेन्डोचा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आला आणि जगभर ओरड झाली. कारण त्यात थोडे घाव घातले की हातातली तलवार मोडते. सुरुवातीला नायकाच्या हाताला लागते ती झाडाची वाळकी फांदी, ती तर लगेचच. मराठवाड्यातून या ओरडीत सूर मिसळायचं कारण नाही. लातूर जिल्ह्यात तूर निघाली की बांधावर तुराट्यांचे भारे रचलेले असतात, आणि बांधाच्या भांडणात हाताला पहिली लागते ती तुराटी. दिसायला लाठी, वजनाला काडी. पहिल्याच फटक्याला मधोमध तुटते आणि मारणाऱ्याच्या हातात वीतभर तुकडा व चेहऱ्यावर विचारमग्न भाव शिल्लक राहतो. नांदेडकडे भोकर-किनवटच्या अंगाला कापूस, म्हणून तिथे पऱ्हाटी. ती अधिक चिवट, पण तिला फाटे असतात. शत्रूपर्यंत पोचायच्या आधी ती उचलणाऱ्याचेच हात ओरबाडते. म्हणजे लातूरची भांडणं लवकर का आटोपतात आणि नांदेडची का चिघळतात, याचा उलगडा स्वभावाऐवजी पीकपद्धतीत शोधायला हवा. सोयाबीनचा पेरा वाढल्यापासून दोन्ही जिल्ह्यांतली शस्त्रसज्जता चिंताजनक झाली आहे. सोयाबीनच्या भुसकटाने आजवर कुणालाही मारता आलेलं नाही.

चपलेचं प्रकरण वेगळं. तिला मोड नाही. पण फेकली की आणायला जावं लागतं, आणि एक पाय अनवाणी ठेवून लंगडत शत्रूच्या पायाशी वाकताना सगळा आब जातो. 'गॉड ऑफ वॉर'च्या २०१८ च्या खेळात नायकाने फेकलेली कुऱ्हाड बोलावली की उडत हातात परत येते. तो खेळ काही पुरत्या खुल्या जगाचा नाही, तरी त्याच्या कर्त्यांना चपलेचं दुःख कळलं होतं एवढं नक्की.

पात्ररचनेविषयी

औसा रोडवर किंवा वजिराबादेत उभं राहून वर पाहावं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मधोमध भाऊ: गॉगल, कानाला फोन, चालत येतानाची मुद्रा. त्यांच्या माथ्यावर नेते, प्रत्येकाचा आकार पदानुसार. आणि खाली शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे, चौकोनाचौकोनांत, प्रत्येकाखाली नाव. खेळ सुरू करताना लढवय्या निवडायचा जो पडदा येतो तो याहून वेगळा काय असतो? फरक इतकाच की फ्लेक्सवरच्या चाळीसही जणांचे केस एकाच खुर्चीवर कापलेले असतात.

पात्रांविषयीचे आंतरराष्ट्रीय वाद मात्र वेगळ्याच पातळीवर चालतात. 'होरायझन'मधल्या अलॉय या नायिकेच्या गालावर बारीक लव दिसते म्हणून मध्यंतरी माणसं चवताळली होती. यंत्रांचे डायनोसॉर बाणांनी पाडणारी बाई त्यांना पटली, तिच्या गालावरची लव पटली नाही. 'गेन्शिन इम्पॅक्ट'ची (२०२०) पात्रं झालरी, फिती आणि उंच टाचा घालून डोंगर चढतात, आणि त्यावर कुणाचं काही म्हणणं नाही. यावर टिप्पणी करायची माझी इच्छा नाही. लग्नाच्या वरातीत मे महिन्यात थ्री-पीस घालून नाचणाऱ्या समाजाचा मी घटक आहे.

'विचर ३'मधल्या (२०१५) गेराल्टविषयी मात्र बोललं पाहिजे. माणूस रुबाबदार. पांढरे केस, पाठीवर दोन तलवारी, दाढी खरोखर दिवसागणिक वाढणारी. पण लढताना तो दर दोन घावांमागे एक गिरकी घेतो, म्हणजे दर दोन घावांमागे एकदा शत्रूला पाठ दाखवतो. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्तीचा फड वेगळा असतो आणि लावणीचा फड वेगळा. पोलंडवाल्यांनी जागेच्या टंचाईमुळे दोन्ही एकत्र केले असावेत.

'सॅन अँड्रियास'मधल्या (२००४) सीजेवर इथल्या एका अख्ख्या पिढीचा जीव आहे. त्याला खाऊ घातलं की तो सुटतो, व्यायामशाळेत नेला की कमावतो, उपाशी ठेवला की आधी चरबी आणि मग कमावलेलं अंगही झडतं. मेसचा डबा खाऊन दोन वर्षं काढलेल्या मुलांनी या यंत्रणेची सत्यता स्वतःच्या देहावर पडताळली आहे. त्याच्या आधीचा 'व्हाइस सिटी'तला टॉमी (२००२) पाण्यात पडला की मरतो. एवढा खूनखराबा करणाऱ्याला पोहता येत नाही, ही त्या रचनेतली मोठी खोट मानली जाते. लातुरात ती फारशी जाणवली नाही. ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे बुडून मरणं ही ऐश होती.

नांदेडच्या हजूर साहिबला होला मोहल्ल्यात निहंगांचा निळा बाणा आणि उंच दुमाल्यावरची पोलादी चक्रं ज्याने पाहिली आहेत, त्याला कुठल्याच खेळाचा नायक फारसा भारी वाटत नाही. पण तो वेश श्रद्धेचा आहे, म्हणून या प्रबंधाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे.

राहिला कपड्यांचा युद्धोपयोग. तो एकाच खेळाने नीट ओळखला: चेक लोकांनी केलेला 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' (२०१८). काळ १४०३ चा, नायक हेन्री हा लोहाराचा पोरगा. कपडे मळके, रक्ताने माखलेले असले की लोक त्याला हिंग लावून विचारत नाहीत. आंघोळ करून, धुतलेलं लेवून आला की त्याच्या शब्दाला वजन येतं. आपल्याकडे ही जागा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाची. संरक्षणाला तो चिलखताहून सरस. पांढऱ्या शर्टावर सहसा कुणी हात टाकत नाही, कारण आत कोण आहे आणि त्याचे कुणाकुणासोबत फोटो आहेत हे सांगता येत नाही. पण घालणाऱ्यालाही हात चालवता येत नाही, इस्त्री मोडते. म्हणून पांढरा शर्टवाला मारामारी करत नाही. तो मारामारीला येतो.

खुन्नस आणि तिचं पेटंट

मूळ विषयाकडे वळण्याआधी एका अन्यायाची नोंद करणं भाग आहे. 'शॅडो ऑफ मॉर्डोर' या २०१४ च्या खेळात अशी योजना आहे की राक्षसांचा एखादा नाईक तुमच्या हातून वाचला तर तो तुम्हाला विसरत नाही. पुढच्या भेटीत तोंडावरचा व्रण दाखवत येतो, मागच्या वेळी काय घडलं ते ऐकवतो, भाषण करतो, मग लढतो. तुम्ही त्याच्या हातून मेलात तर त्याला बढती मिळते. या योजनेवर वॉर्नर ब्रदर्सने २०२१ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळवलं. म्हणजे खुन्नस धरणं, ती वर्षानुवर्षं टिकवणं आणि भेटेल तिथे उगाळणं ही आता एका अमेरिकन कंपनीची बौद्धिक संपदा आहे.

हरकत घ्यायला लातूर-नांदेडच्या दिवाणी न्यायालयांतली बांधाची दप्तरं पुरेशी होती. आजोबांनी वीतभर बांध कोरला म्हणून नातवाच्या लग्नाला न गेलेली भावकी प्रत्येक गावात आहे. व्रण दाखवणं आहे, भाषण आहे, बढतीसुद्धा आहे: भांडणात पुढे झालेला माणूस पुढच्या ग्रामपंचायतीला उभा राहतो. पण हरकत नोंदवायची तर भावकीने एकत्र येऊन सह्या करायला हव्यात, आणि तिथेच सगळं अडतं.

सोडवणारा

मारामारीला किमान किती माणसं लागतात? दोन, असं एडिंबऱ्यापासून क्योटोपर्यंत सगळे मानतात आणि इथेच त्यांचं शास्त्र फसतं. लातुरात जुनी खुन्नस असलेली दोन माणसं निर्मनुष्य रस्त्यावर समोरासमोर आली तर काहीही होत नाही. एक जण खाली बघतो, दुसरा न वाजलेला फोन कानाला लावतो, आणि दोघं निघून जातात. हीच दोघं रेणापूर नाक्यावर भर संध्याकाळी चाळीस माणसांत भेटली की आभाळ कोसळतं. कारण उघड आहे. निर्मनुष्य रस्त्यावर सोडवणार कोण? आपल्याला वेळेत कुणीतरी धरेल याची खात्री असल्याशिवाय शहाणा माणूस कुणाच्या अंगावर धावून जात नाही.

धरल्यानंतरची अवस्था अभ्यासण्यासारखी आहे. मागून दोघांनी काखेत हात घालून आवळलं की माणसाचं शौर्य झपाट्याने वाढतं. 'सोडा मला! आज ह्याला सोडतच नसतो!' पाय हवेत उडतात, आवाज पुढच्या चौकात जातो. पुष्कळ निरीक्षणांनंतर असा नियम मांडता येतो की धाडस हे पकडीच्या समप्रमाणात आणि दोन योद्ध्यांमधल्या अंतराच्या वर्गाच्या समप्रमाणात असतं. अकरावीच्या मुलांनी हा नियम न्यूटनशी ताडून पाहावा. तिथे अंतर वाढलं की ओढ घटते, इथे उलट. खेळांत दमाची पट्टी असते आणि ती घाव घालताना रिकामी होत जाते. इथे जी हवी ती पट्टी धरल्यावर भरणारी आहे.

पकड किती असावी यातच सगळी विद्या आहे. फार घट्ट धरलं तर माणूस खरोखर अडकतो, त्याला झटापट दाखवता येत नाही आणि तो दुखावतो. फार सैल धरलं तर त्याहून वाईट: तो सुटतो. सुटलेल्या माणसाचा चेहरा ज्याने पाहिला त्याला मनुष्यस्वभावाबद्दल वेगळं वाचावं लागत नाही. समोर शत्रू मोकळा, मागे कुणी नाही, आणि मघापासून चाललेली मागणी अचानक मंजूर. अशा वेळी अनुभवी योद्धा दोन पावलं पुढे टाकतो, गर्रकन वळतो आणि ज्याच्या हातून सुटला त्यालाच झापतो: 'धरता येत न्हाई का रे तुला नीट?'

मघाचा मोबाइल आठवा. तो ज्याच्या हातात ठेवला, तो नेमलेला सोडवणारा. 'धर रे' हा नुसत्या फोनबद्दलचा आदेश नव्हता. त्याच्याखेरीज काही स्वयंसेवक असतात. एक जण लांब उभा राहून 'अरे नका रे भांडू' म्हणत नीट दिसेल अशा जागी सरकत राहतो. एक असतो भाबडा, जो समोरच्यालाच घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे आपल्या माणसाला निवांत मारता येतं. पुढे पोलिसांत जबाब देताना हाच खरा मनापासून रडतो. आणि एक असतो तो फार जुना कलावंत. गर्दीत शिरतो, 'सोडा सोडा' म्हणतो आणि सोडवता सोडवता स्वतःचे दोन हात चालवून घेतो. त्याचं दोघांपैकी कुणाशी भांडण असतंच असं नाही. सर्वांत शेवटी बुलेटवरून पांढरा शर्ट येतो. गाडी स्टँडवर लावत नाही, उतरत नाही. 'काय चाललंय रे?' एवढंच विचारतो. खालचा म्हणतो, 'काही न्हाई मालक.' संपलं.

आता खेळांकडे पाहा. सीजे आणि टॉमी ज्या मालिकेतले, त्या 'जीटीए'त रस्त्यावर हाणामारी झाली की वाटसरू किंचाळत पळतात आणि पडद्यावर चांदण्या उगवून पोलीस येतात. मारामारी दिसल्यावर पळून जाणारा माणूस मराठवाड्यात अजून जन्मायचा आहे. इथे लोक चालत्या रिक्षातून उतरून येतात. 'बुली'मध्ये (२००६) शाळेतले प्रीफेक्ट मारामारी थांबवतात खरे, पण पकडून शिक्षेला नेतात. ती सोडवणूक नव्हे, तो पंचनामा. जपानी 'याकुझा' (२००५) सत्याच्या सर्वांत जवळ गेला. त्यातलं कामुरोचोचं जग एवढंसं, दोनचार गल्ल्यांचं, पण भांडण पेटलं की माणसं गोळा होऊन कडं करतात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोक्योबद्दल आपुलकी वाटली. दुर्दैवाने ते कडं नुसतं बघत राहतं. एकही काका पुढे होऊन 'लेकरू हाय ओ, जाऊ द्या' म्हणत नाही. 'रेड डेड रिडेम्प्शन २'मध्ये (२०१८) वाद विझवायचं बटण आहे, पण ते नायकाने स्वतः दाबायचं असतं. स्वतःच स्वतःला धरणं कुठल्याही स्वाभिमानी माणसाला कमीपणाचं आहे.

कुस्तीला हे तत्त्व फार पूर्वी कळलं होतं. माळेगावच्या आखाड्यात पंच पैलवानाचा हात वर धरून फेरी मारतो, तोलाचा जोड शोधतो, हलगी कडाडते, आणि फार वेळ लोंबकळली तर बरोबरीत सोडवतो. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७७ साली सतपालला हरवलं, त्या कुस्तीलाही पंच होतेच. नसते तरी बिराजदार लढले असते. पण शास्त्र अपवादांवर उभं करत नाहीत.

राजकारणातही हीच व्यवस्था होती. १७६० साली उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला कोंडीत धरलं आणि शेवट तहाने झाला, कारण अठराव्या शतकात प्रत्येक दरबाराचा वकील दुसऱ्या दरबारात बसलेला असे. सोडवणाऱ्याची ती पगारी जागा. अकरा महिन्यांनी पानिपतलाही शुजाउद्दौल्यामार्फत बोलणी चालली होती. तिथे पकड टिकली नाही.

प्रतिज्ञेला बाध आणणारं एकच उदाहरण सापडतं आणि प्रामाणिकपणासाठी ते दडवता येत नाही: नळ. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून प्रशासनाला कलम १४४ लावावं लागलं होतं. टँकरपुढच्या भांडणात सोडवणारा नसतो. मध्ये पडायचं तर आपली घागर रांगेतून उचलावी लागते आणि नंबर जातो. तिथे कुणी 'सोडा मला' म्हणत नाही, खुणा द्यायला वेळ नसतो, वंशावळ विचारली जात नाही. पदर खोचला की थेट घागर. अलॉयच्या गालावर वाद घालणाऱ्यांनी नायिकेची रचना या रांगेत येऊन पाहावी. आणि 'लढाई खरी वाटली पाहिजे' असा हट्ट धरणाऱ्यांनीही. खरी लढाई अशी असते, म्हणूनच ती कुणाला पुन्हा खेळावीशी वाटत नाही.

आता उपयोजन. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये 'राजी' काढला. त्रिशूळ घेतलेली मुलगी, सुरेख भित्तिचित्रं, पण जग खुलं नाही. मुंबईच्या गेमिऑनने 'मुंबई गलीज' हा खुल्या जगाचा खेळ करायला घेतला. यांच्यापैकी कुणी उद्या लातूरवर खेळ काढलाच, तर नकाशा, गाड्या, ऊन, धूळ हे सगळं जमेल. सोडवणाऱ्याची पकड, सैल-घट्टचं गणित, बुलेटवरचा पांढरा शर्ट, हेही जमेल. अडेल ते एकाच ठिकाणी.

झटापटीत कधी कधी फटका सोडवणाऱ्यालाच बसतो. तो मोठ्या मनाने आलेला असतो, त्यामुळे त्याचा राग मूळ दोघांच्या रागाहून शुद्ध असतो. तो उलटून मारतो, चुकीच्या माणसाला, बहुधा दुसऱ्या बाजूच्या सोडवणाऱ्याला. आता भांडण सोडवणाऱ्यांचं. मूळ दोघांना धरायला कुणी उरलेलं नसतं, त्यामुळे त्यांचं शौर्य ओसरतं. ते एकमेकांकडे बघतात, एक जण घड्याळ मनगटात चढवतो आणि दोघं मिळून सोडवायला लागतात. हे संगणकाला शिकवायचं तर प्रत्येक पात्राला कुठल्याही क्षणी भांडता, धरता, धरवून घेता आणि बाजू बदलता आली पाहिजे. चौकात चाळीस माणसं धरली तर धरणारा आणि धरलेला अशा १,५६० जोड्या होतात, प्रत्येकीची पकड वेगळी, प्रत्येकीचं गाव वेगळं. ट्यूशन एरियातल्या मुलांच्या फोनमध्ये एवढी रॅम नसते.